लसीच्या दिवशीचा काढा

रावेत,
सोमवार

प्रिय विजू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी दचकशील आणि मग चिडशील. चीड खुशाल. वर्षभर जिनं तुझा एक फोन धड उचलला नाही, उचललाच तर ‘मीटिंगमध्ये आहे गं’ म्हणून ठेवून दिला, तिनं एकदम एवढं लांबलचक पत्र लिहावं, तेही पोस्टानं, म्हणजे हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुला वाटणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला मी चार वेळा बसले. दोन ओळी लिहायच्या आणि पुसून टाकायच्या. फोनवर पुसणं फारच सोपं असतं गं. कागदावर खोडलं तरी खाली काय होतं ते दिसतं, म्हणून शेवटी तुझ्या बंटीच्या वयाच्या मुलांसारखी रेघांची वही आणली आणि बसले. मध्येच फेकून देऊ नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ. सगळं वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. शाळेत असताना तू मला घातलेल्या शिव्या अजून पाठ आहेत.

गेल्या मंगळवारी मला तुझ्या सासूबाई भेटल्या. आईचा यंदाचा मसाला कुटायचा होता. तिचे गुडघे आता पार गेलेत, म्हणून डबे घेऊन मीच गेले होते आळंदी रस्त्यावरच्या त्या कांडप गिरणीत. तिथं मिरचीच्या खकाण्यानं सगळ्या बाया नाकाला पदर लावून बसलेल्या, आणि त्यात बाकाच्या पार टोकाला सावित्रीमावशी. तुमच्या शेजारच्या आक्काबाईंच्या सोबतीला आल्या होत्या म्हणे. स्वतःचा मसाला नव्हताच. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून तयार मसाल्याची दोन पाकिटं डोकावत होती. आमच्याच कंपनीची. विजू, चैत्रात ज्यांच्या दारात अख्खी आळी आपापली मिरची-धणे घेऊन भाजून घ्यायला रांग लावायची, त्या मावशींच्या पिशवीत पाकिटातला मसाला! मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी मला पाहिलं होतं.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. वर्षभरात केवढ्या वाळल्यात गं. म्हणाल्या, ‘पोरी, तवापास्नं तू आमच्या दारात पाऊल टाकलं न्हाईस. माझ्यापायी तुझ्या नोकरीवर बालंट आलं असंल. मला म्हातारीला माफ कर बाई.’ भर गिरणीत, चार बायांच्या देखत. आणि मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, ‘जाऊ द्या हो मावशी, झालं ते झालं.’ म्हणजे मी त्यांना माफ केलं! मी! घरी येऊन बाथरूमचं दार लावून तोंडावर पाणी मारत बसले, तरी आईला वाटलं मिरचीनंच डोळे लाल झालेत. विजू, त्यांनी माफी मागावी असं काही त्यांच्या हातून झालेलंच नव्हतं. तुमच्या उजव्या शेडमधली कोंबड्यांची पाखरं मावशींनी मसाला भाजल्यानं मेली नाहीत. हे मला तेव्हाच माहीत होतं. आता हे एवढं लिहिलं आहे, तर मागचं सगळं क्रमानं सांगते, कारण नुसतं एवढं सांगून हात झटकले तर तो पुन्हा माझा जुनाच लबाडपणा होईल.

कोंबड्यांच्या खाद्यातल्या आमच्या मसाल्याची सुरुवात कंपनीत झाली असं तू समजतेस. झाली तुमच्या अंगणात. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे जेवायला आले होते ते आठव. तुमची बरीचशी जमीन तेव्हा बिल्डरकडे जाऊन तिथं टॉवर उभे राहिले होते आणि मागं उरलेल्या पट्टीत तू नुकती कोंबड्यांची पहिली शेड घातली होतीस. टॉवरमधली माणसं सकाळी वासाची तक्रार करायची आणि संध्याकाळी तुझ्याकडेच गावरान अंडी न्यायला यायची, ते तू इतकं झकास नक्कल करून सांगितलं होतंस की हसून हसून माझ्या पोटात दुखलं. त्या दिवशी एक तांबडी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली होती. मावशींनी बाजरीच्या पिठात हळद, ठेचलेला लसूण आणि ओवा मळला, हरभऱ्याएवढी गोळी केली, अंगठ्यानं तिची चोच उघडली आणि आत सारली. जोडीला मिरीची चिमूट. म्हणाल्या, ‘मानसाला लागतं तेच पाखराला लागतं, फकस्त कमी.’ तिसऱ्या दिवशी तुझा फोन, की ती भवानी सोसायटीच्या बागेत जाऊन फुलझाडं उकरतेय आणि वॉचमन काठी घेऊन मागे.

मी तेव्हा चाकणच्या मसाला कंपनीत नवीन लागले होते. आमच्याकडे हळदीची भरड, लसणाचा चुरा, ओव्याची धूळ असलं काहीबाही पोत्यांनी उरायचं. मिहिर सर, म्हणजे माझे वरिष्ठ, म्हणायचे याचं काहीतरी करा. मी मावशींची गोळी सांगितली, पण मावशींचं नाव न सांगता. पक्ष्यांच्या खाद्यात मिसळायचा मसाला, प्रतिकारशक्तीला हातभार लावणारा, औषधं कमी लागावीत म्हणून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाचलं, शोधलं, तक्ते केले, ते सगळं खरं. पण मूळ कल्पना तुमच्या अंगणातली. पहिली चोरी ती. चाचणी घ्यायची ठरली तेव्हा मी तुझं नाव पुढं केलं आणि वर तुझ्यावर उपकार केल्यासारखी ऐट दाखवली. तुझा आनंद बघायला हवा होतास तू! ज्योतीरामभाऊजींनी शिफ्टवरून येऊन दुसऱ्या शेडचे पत्रे ठोकले होते.

खरं सांगू, मला तुझी एक सवय नडली. दोष तुला देत नाही गं, तसं वाटेल म्हणून घाबरतच लिहितेय. चिंचवडच्या शाळेत तू माझी गणितं उतरवायचीस. तुझे वडील बार्शीहून येऊन लेथवर लागलेले, माझे बाबा त्याच कंपनीत ऑफिसात, आणि बाईंनी तुला फळ्यापाशी बोलावलं की तू छाती पुढं काढून सांगायचीस, ‘सुखदानं सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार.’ माझ्याबद्दल इतकं छान आजवर कुणी बोललेलं नाही, नवरा असून स्वानंदसुद्धा नाही. चाळिशीला आले तरी त्या वाक्याची हाव सुटली नाही मला. शिक्षण माझं अन्न तंत्रज्ञानाचं. बरणीतल्या मसाल्याचा रंग किती दिवस टिकेल ते मी सांगेन, पण जित्या पाखराबद्दल मला मावशींच्या निम्मंही कळत नव्हतं. तरी तुझ्यापुढं ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

चाचणी तुला माहीत आहेच. डावीकडच्या शेडला साधं खाद्य, साधं पाणी. उजवीकडच्या शेडला खाद्यात मसाला आणि दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी पाण्यातून हळद-लसणाचा काढा. दोन्हीकडे अडीचशे-अडीचशे. कंपनीचा मसाला पोत्यातून कच्चाच यायचा. मावशींना ते बघवेना. कच्चा ओवा, कच्ची मिरी कुणाच्या पोटात घालायची म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला अर्धकच्ची भाकरी वाढण्यासारखं. कुणाला न विचारता त्या मोठ्या लोखंडी कढईत थोडं थोडं भाजून देऊ लागल्या. तू मला हसत हसत सांगितलंस, पण त्याआधीच मी पाहिलं होतं. कढईपाशी उभी राहून वास घेतला होता. भाजल्यानं ओव्यातलं तेल थोडं उडतं, मसाल्याचा जोर थोडा कमी होतो, बस्स. त्यापलीकडे काही बिघडत नाही. मी काही बोलले नाही, उलट त्यांच्या हातचा चहा घेतला. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आता लसीचा दिवस. पाखरं चार आठवड्यांची झाली होती आणि मानमोडी रोगाची दुसरी लस पाण्यातून द्यायची होती. तू त्या दिवशी बंटीच्या शाळेत पालकसभेला गेली होतीस. पशुवैद्यक डॉक्टरांनी बर्फात ठेवलेली बाटली माझ्या हाती दिली आणि बजावलं, ऊन चढायच्या आत, स्वच्छ साध्या पाण्यात, दुधाची पावडर घालून. डावीकडच्या शेडला मी तसंच दिलं. उजवीकडे मावशींनी पहाटेच काढा करून गार करून ठेवला होता, टबभर. मी हिशेब केला की माझ्या तक्त्यात काढा रोज हवा, एकही दिवस चुकायला नको, मिहिर सरांना सलग दिवस दाखवायचे आहेत. शिवाय पाखरं काढा आवडीनं पितात, लस पटकन पोटात जाईल. म्हणून मी लस त्या काढ्यातच ओतायला निघाले.

मावशींनी काढा उपसायचा मग हातातच धरून ठेवला. मला म्हणाल्या, ‘पोरी, लसीच्या दिशी काढा ऱ्हाऊ दे का? बंटीला पोलिओचा डोस पाजला तवा नर्सबाईनं बजावलं व्हतं, अर्धा तास अंगावर पाजू नगा, गरम काय देऊ नगा. ह्या काढ्यानं रोगाचं किडं मरत्यात म्हणतीस, मग लसीत बी तसलंच काय जित्तं असंल तर?’ विजू, मी हसले. अगदी दात काढून हसले. म्हणाले, ‘मावशी, ती बाळं, ही कोंबडी.’ आणि लस ओतली. त्याही हसल्या बिचाऱ्या, ‘तू शिकलेली, तुला ठावं’ म्हणाल्या आणि भांडी भरायला लागल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न कॉलेजातल्या कुठल्याही परीक्षेत विचारावा इतका नेमका होता. लस खरोखर जिवंत असते. म्हणूनच ती साध्या पाण्यात द्यायची, म्हणूनच ती जपायला दुधाची पावडर. जंतू मारावेत म्हणून केलेल्या लसणाच्या काढ्यात मी ती बुडवली. मावशींना हे पोलिओच्या डोसावरून सुचलं आणि मला पदवी घेऊन सुचलं नाही.

पाखरं सहा आठवड्यांची झाल्यावर आपण दोन्ही शेडमधल्या पाखरांचं रक्त काढून तपासणीला पाठवलं, लस अंगी लागली का ते बघायला. त्याचा अहवाल यायच्या आधीच तुझा फोन आला. उजवीकडची पाखरं माना वाकड्या करून गोल गोल फिरतायत म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, हातात इडलीची बशी, आणि फोनवर तो अहवाल उघडला. डावीकडच्या पाखरांच्या अंगी लस चांगली लागलेली होती. उजवीकडच्यांच्या अंगी जवळजवळ काहीच नाही. एकच बाटली, एकच दिवस, एकच हात. फरक फक्त पाण्यात. समजायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. तो अहवाल मी आजवर तुला दाखवला नाही. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा ‘लॅबवाल्यांचा घोळ झालाय’ म्हणून सांगितलं.

सहा दिवसांत दोनशे अकरा पाखरं गेली. तू आणि भाऊजी चुना टाकून खड्डे भरत होतात आणि मी बांधावर रुमाल लावून उभी होते, ते मला विसरता येत नाही. त्यानंतर तुमच्या अंगणात बैठक झाली. मिहिर सर आले होते, डॉक्टर होते. डॉक्टरांनी विचारलं, लस दिली होती ना? मी म्हणाले, दोन्ही शेडना एकाच दिवशी, एकाच बाटलीतून. खोटं एक अक्षर नाही त्यात. मग त्यांनी विचारलं, मग उजवीकडच्यांनाच रोगानं का धरलं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी कंत्राटी नोकरी पक्की व्हायची होती, ते एक झालंच. पण मला भीती त्याची नव्हती. तू माझ्याकडे बघत होतीस, तुझे डोळे रडून सुजलेले आणि तरीही त्यांत तेच होतं, सुखदा आता सांगेल. आणि मी उठून मसाल्याच्या पिंपात हात घातला, चार काळपट ओव्याचे दाणे शोधून काढले, पांढऱ्या कागदावर ठेवले आणि म्हणाले, ‘हे बघा, करपलंय. करपलेला मसाला रोज पोटात गेला, पाखरांची कलेजी बिघडली, अंगात जोर उरला नाही, म्हणून रोगानं यांनाच गाठलं.’ चार दाणे, विजू. अख्ख्या पिंपातून मला चारच सापडले होते.

भाऊजी आईकडे वळले. ‘आये, तुला कुनी सांगितलं व्हतं गं भाजायला?’ एवढंच बोलले ते, पण कसं बोलले! मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तेव्हा त्यांना काढ्याचं आठवलं होतं का, हे मी वर्षभर स्वतःला विचारतेय. आठवलं असेल आणि माझी अब्रू राखायला गप्प बसल्या असतील, या विचारानं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या म्हणाल्या, ‘व्हय बाबा, माजंच चुकलं.’ आणि पदर तोंडाशी धरून आत गेल्या. सगळे उठले, डॉक्टरांना पटलं नव्हतं पण त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. तू मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आलीस आणि म्हणालीस, ‘तू नसतीस तर कारण कळलंच नसतं.’ मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. शेण खाणं म्हणतात ना, ते हेच असावं.

पुढचं आणखी वाईट आहे. खेडकडच्या एका शेडवर आम्ही पुन्हा चाचणी घेतली. या वेळी मी तक्त्यात नवी सूचना घातली, की लसीच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर काढा बंद. तिथली पाखरं ठणठणीत राहिली, रोगराई कमी झाली, काही जादू नाही पण मावशी म्हणायच्या तेवढा हातभार नक्की लागला. दिवाळीत माल बाजारात आला. पोत्यावर ती सूचना लाल अक्षरांत छापली आहे. मिहिर सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, म्हणाले ही बारकाई सुखदाकडून शिका, आणि मला शाल दिली. ती शाल मी घेतली, खांद्यावर घेऊन फोटोही काढला. तोच फोटो बघून तू मला लिहिलंस, ‘अभिनंदन गं! आमच्याकडे आता दोन्ही शेडमध्ये साधंच खाद्य. सासूबाई शेडकडं फिरकत नाहीत, गॅसपाशीही येत नाहीत, म्हणतात माज्या हाताला गुण न्हाई. मी तोंडानं काही बोलत नाही त्यांना, पण मनातून जात नाही. बाहेरूनच मसाला आणतो. बरंच झालं म्हणायचं.’ तो निरोप मी पुसलेला नाही. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी वाचते आणि मग पर्स उचलते.

स्वानंदला काल सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की तू त्यांच्या घरातल्या माणसांत माती कालवलीस. आज सकाळी मिहिर सरांना सगळं लिहून दिलं. ते म्हणाले जुनं कशाला उकरताय, माल चांगला चाललाय, तुम्हालाच जड जाईल. जाईल तर जाईल. शाल त्यांच्या टेबलावर ठेवून आले. याचं कौतुक करू नकोस हं, वर्ष उशिरा केलेल्या गोष्टीचं काय कौतुक. आणि माफीही मी मागत नाही. तू देणार नाहीस याची भीती नाही मला. मावशी लगेच देऊन टाकतील, आणि मला पुन्हा सगळं सोपं होईल, याची भीती वाटते.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. हे फक्त तुझ्यासाठी नाही. उद्या टाकलं की बुधवारपर्यंत तुला मिळेल. गुरुवारी भाऊजींना सुट्टी असते. त्या दिवशी चहा झाला की भाऊजींना समोर बसव, आक्काबाईंनाही बोलाव कारण करपलेल्या मसाल्याची गोष्ट आळीभर त्यांच्याच तोंडून गेली, आणि मावशींना मधे बसवून हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. माझी लाज वाटून काही गाळू नकोस. तुझ्या निरोपाचा भाग आला तरी गाळू नकोस. तुझ्या मनातलं जे जात नव्हतं ते मी घातलं होतं, हे त्यांनाही कळू दे. पाकिटात तीन कागद आहेत. एक रक्ताचा अहवाल, तो भाऊजींना दे. दुसरा पोत्यावरचा छापील कागद, त्यातली लाल अक्षरातली ओळ आक्काबाईंना वाचून दाखव आणि सांग की ही ओळ सावित्रीबाईंची आहे. तिसरं माझ्या चाचणीच्या वहीतलं पान, लसीच्या दिवसाचं. शेडवर कुणी काय बोललं ते टिपायला मिहिर सरांनी सांगितलं होतं, म्हणून तेव्हाच मी हसत हसत लिहून ठेवलं होतं. ते मावशींच्या हातात दे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा त्यांचं बोट धरून एकेका शब्दावरून फिरव. निळ्या शाईत दोनच ओळी आहेत. ‘सावित्रीबाई विचारतात, लसीच्या दिवशी काढा बंद ठेवायचा का?’ आणि त्याखाली, माझ्या सहीसकट, ‘गरज नाही.’

तुझीच म्हणवून घ्यायला जीभ धजत नाही, तरी दुसऱ्या कुणाची होता आलं नाही म्हणून
तुझीच,
सुखदा